कामठ्याच्या बाडीतला वाघचौरा

आमच्या घरी कोणतंही रोप लावलं की सासूबाई आधी एकच विचारत, याची भाजी होते का. होत असेल तर कुठे लावायचं ते त्या सांगत. होत नसेल तर "मंग कायले?" एवढं म्हणून निघून जात. लग्न होऊन मी कामठ्याला आले तेव्हा घरामागच्या बाडीत वांगी, मिरच्या, सेमीचा वेल, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि एक पपई एवढंच होतं. फुलासाठी म्हणून लावलेलं काही नव्हतं.

घरात आम्ही तिघं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आमचे हे गोंदियाला धान्याच्या दुकानात भागीदार होते. सकाळी सायकलने जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. धानाची शेती सासूबाई बघत. रोवणा म्हणजे लावणी असली की बांधावर छत्री धरून उभ्या राहत, आणि चिखलात उतरलेल्या बायांपेक्षा जास्त चिखल त्यांच्या लुगड्याला लागलेला असे. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आमच्याकडे तशीच रीत होती.

माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. वडील शाळामास्तर होते. तलावाच्या वरच्या अंगाला एक मुरमाड टेकाड आहे, आणि पोळ्याच्या सुमाराला तिथल्या गवतात एक पांढरं फूल यायचं. कमरेला लागेल एवढा सरळ दांडा, त्यावर चार-पाच फुलं, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या आणि मागे लांब शेपूट. दिवसा वास नाही, ऊन उतरलं की सुटायचा. गुराख्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, रानफूल. बहुतेक सगळ्या फुलांना ते हेच म्हणत. त्याला वाघचौरा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. त्यात वाघ का आहे ते अजून कळलेलं नाही.

लग्नानंतर दुसऱ्या पोळ्याला माहेरी गेले होते, तेव्हा मी त्याचं एक रोप मातीसकट उपटलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि तिरोड्याहून गोंदियापर्यंत आगगाडीत मांडीवर घेऊन आले. घरी येताच विहिरीजवळ लावलं. फूल एवढं मोठं, तर पाणीही तेवढंच लागत असेल असा माझा हिशेब होता.

आत्याबाई बघत उभ्या होत्या. "हे काय लावून राहिली?"

"फूल येतं त्याला."

"भाजी होते का?"

"नाही."

"मंग कायले?"

महिनाभरात ते सडलं. पुढच्या वर्षी पुन्हा आणलं आणि विहिरीपासून लांब, कुंपणाजवळ लावलं. ते पावसाळाभर टिकलं. मला फार आनंद झाला. कार्तिकात पानं पिवळी पडली, दांडा वाळला, आणि एके दिवशी तिथे काहीच उरलं नाही. मी रोज पाणी घालत राहिले. नंतर बघते तर आत्याबाईंनी तिथे सांबार पेरला होता.

"तिथे माझं झाड होतं," मी म्हटलं.

"कुठी?"

मला दाखवता आलं नाही. जागा खरोखर रिकामी दिसत होती. सांबार मात्र त्या वर्षी छान आला.

मडमेची ओळख झाली ती दुकानामुळे. गोंदियाला रेल्वेच्या बंगल्यात कुठल्याशा साहेबाची बायको होती. तिच्याकडे बारीक तांदूळ आमच्या दुकानातून जायचा. हे एकदा जेवताना म्हणाले, "त्या मडमेच्या अंगणात काचेचं घर आहे. आत माणसं नाहीत, कुंड्या आहेत." मी म्हटलं, मला बघायचं आहे. यांना नवल वाटलं, पण दसऱ्याच्या खरेदीला गेलो तेव्हा ते मला घेऊन गेले.

मडम उंच आणि हडकुळी होती. उन्हाने तिचं नाक सोललं होतं आणि नखांत माती होती, ती बघून मला जरा धीर आला. काचेच्या घरात लाकडाच्या ढलप्यांवर बांधलेली झाडं लोंबत होती. त्यांतली बरीच मेलेली होती. मी हातवारे करून माझ्या फुलाची शेपूट आणि झालर दाखवली. तिला लगेच कळलं.

"जमीनवाला ऑर्किड," ती म्हणाली. "तुम लगाता?"

"लगाती हूं. मरता है."

"मेरा भी मरता," ती म्हणाली, आणि खाली ठेवलेली एक कुंडी उलटी करून तिने माती हातावर घेतली. आत बारक्या बटाट्यासारखे दोन कंद होते. एक सुरकुतलेला, एक गोल आणि टणक. "यह बुड्ढा. यह बच्चा. बुड्ढा मरेगा. बच्चा सोएगा. सोने दो. पानी नहीं."

"कब तक?"

"बरसात तक."

हे शेजारी उभे होते. ते मला म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत, असं म्हणताहेत." गोंदियात जन्म गेलेला माणूस मला हिंदीचं मराठी करून सांगत होता. मी मान हलवली.

निघताना मडम म्हणाली, "मेरा बहुत मर गया. पानी दिया. प्यार से दिया." तिने ते अगदी शांतपणे सांगितलं, जसं एखादी बाई सांगते की दूध नासलं.

कुंडीत काय भरायचं तेही तिने दाखवलं होतं. तळाला विटांचे तुकडे, वर मुरूम आणि कुजलेला पाला, काळी माती अजिबात नाही. त्याप्रमाणे मी तीन कुंड्या भरल्या. माहेराहून रोपं आणवली. पानं गळली तेव्हा या वेळी मी पाणी बंद केलं आणि कुंड्या घरात, धानाच्या ढोलीच्या आडोशाला नेऊन ठेवल्या.

आत्याबाईंनी वाकून पाहिलं. "यात काय आहे?"

"झाड आहे. झोपलं आहे."

त्यांनी बराच वेळ त्या मातीकडे पाहिलं. "मेलेल्यालेही लोक तसंच म्हनतेत," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि ज्यांना माहीत नव्हतं ते विचारत होते. आत्याबाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्या टोचून बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या, सरळ बोलणाऱ्यांपैकी होत्या. उपास, गंडे, देवदेव जे कोणी सांगे ते त्या मला करायला लावत, आणि निम्मे उपास स्वतःही धरत.

चैत्रात एक दिवस त्यांनी खीर केली. सण नव्हता, पाहुणे नव्हते. एक वाटी भरून माझ्यासमोर ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"एकटीनं खाय. पूरी."

"कशाची आहे?"

"दुधाची."

खीर बुळबुळीत होती आणि मागून जराशी कडवट लागत होती, पण गूळ भरपूर होता. मी वाटी रिकामी केली. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि मगच ती उचलली. मला वाटलं, माझ्यावर माया आली असेल. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर मी कुंड्या बाहेर काढल्या आणि पाणी घातलं. गावभर हिरवं झालं. माझ्या तीन कुंड्यांत काही उगवलं नाही. शेवटी मी बाडीत बसून एक कुंडी उकरली. मुरूम होता, पाला होता, विटांचे तुकडे होते. दुसरीतही तेच. आत्याबाई शेतावरून येऊन पाय धूत होत्या.

"आत्याबाई, यातले कंद कुठे गेले?"

"थे? थे त तूनंच खाल्ले."

मला काही समजलं नाही. "कधी?"

"चैतात. खीर नोयती का केली?"

मग सगळं बाहेर आलं. एक जडीबुटीवाला आमच्या ओट्यावर बसला होता. त्याने सांगितलं होतं की असा जोडीने येणारा कंद दुधात शिजवून बाईला दिला की कूस उघडते. जंगलात तो सहजी मिळत नाही, असंही तो म्हणाला. आत्याबाईंनी त्याला सांगितलं नाही, पण आपल्या घरात ढोलीमागे तो ठेवलेला आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"तिन्ही कुंड्यांतले?"

"दोन कुंड्यांतले. तिसरीतला सडला होता."

मी मुरमाच्या ढिगाजवळ बसून रडले. कशासाठी रडते आहे ते मला नीट सांगता आलं नसतं. फुलासाठी होतं, आणि इतके दिवस माझं पोट बघत राहिलेल्या त्यांच्या नजरेसाठीही होतं. त्या धुतलेल्या पायांनी तशाच चिखलात येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुंड्यांकडे.

"मातीतच राहू देले असते," त्या म्हणाल्या, "त फूल तरी आलं असतं."

माफी मागण्याच्या इतक्या जवळ त्या माझ्या माहितीत कधी आल्या नव्हत्या.

मूल झालं नाही. पुढेही झालं नाही. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा वाट बघत बसणार नाही.

त्याच वर्षी आश्विनात माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. मी निघाले तेव्हा आत्याबाईही लुगडं बदलून तयार होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तिरोड्याला उतरून रेंगीत बसलो. माझ्या भावाने सासूबाईंसाठी गाडीत गादी घातली होती, ती त्यांनी गुंडाळून बाजूला ठेवली आणि वाटभर बैल कसे हाकावेत ते त्याला सांगितलं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "चाल, तुया त्या टेकाडावर."

आम्ही दोघी गेलो. फुलं संपली होती, पण रोपं उभी होती. मी खुरपं हातात घेतलं तर त्यांनी ते काढून घेतलं. आयुष्यभर धान लावलेली बाई, पण त्या दिवशी त्यांनी पहिलं रोप खणताना कंदाचे दोन तुकडे केले. दुसऱ्या वेळी लांबून खणलं. चार रोपं निघाली. मी अजून एकाकडे बोट दाखवलं तर म्हणाल्या, "राहू दे. इथंबी पाह्यजेत." मग कमरेला खोचलेलं जुन्या लुगड्याचं फडकं काढून त्यांनी ती त्यात बांधली. फडकं घरूनच आणलेलं होतं.

येताना डब्यात एका बाईने त्या गाठोड्याला हात लावला आणि विचारलं, यात काय आहे.

"रोगी आहे," आत्याबाई म्हणाल्या. "हात नोको लावू."

ती बाई पुढच्या स्टेशनला दुसऱ्या डब्यात गेली.

त्या हिवाळ्यात मडम देश सोडून निघाली. लढाई संपली होती आणि बंगल्यांतून सामानाच्या पेट्या बाहेर पडत होत्या. तिने यांना बोलावून विचारलं की काचेचं घर तुमच्या बाईला हवं का. यांनी हो म्हटलं. घरी येऊन मला सांगितलं, "मी हो म्हणालो. न घेणं बरं दिसलं नसतं." भाताच्या तणसीत गुंडाळलेल्या काचा आणि लोखंडी चौकटी दोन गाड्यांतून कामठ्याला आल्या. वाटेत काही फुटल्या, तिथे सुताराने पत्रे बसवले. बाडीत, वांग्यांची एक ओळ काढून, ते घर उभं राहिलं. गाव बघायला आलं.

"यात कोन राह्यल?" एकाने आत्याबाईंना विचारलं.

"पाहुने," त्या म्हणाल्या.

काचेच्या घराबद्दल मला फार आशा होती. माघापर्यंत ती टिकली. फाल्गुनात मी आत भाजीची दोन-चार रोपं ठेवून पाहिली, ती दुपारपर्यंत शिजली. शिजली हा शब्द मी विचार करून वापरते आहे. थंड देशातल्या माणसांनी ऊब कोंडून ठेवण्यासाठी केलेली ती वस्तू होती, आणि उबेची आमच्याकडे टंचाई नव्हती. वैशाखात आत पाय ठेवला की श्वास अडकायचा.

आत्याबाईंनी एक दिवस आत उभं राहून विचार केला आणि बाजा आणून टाकल्या. त्यांवर कुरड्या घातल्या. सकाळी घातलेल्या कुरड्या संध्याकाळी खडखडीत. कावळा नाही, बकरी नाही, धूळ नाही. बातमी पसरली. गल्लीतल्या बाया पाटे आणि सोरे घेऊन येऊ लागल्या, मग दुसऱ्या गल्लीतल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या घराची गावात जी पत वाढली ती कुरड्यांमुळे.

चार रोपांचे कंद कुंड्यांत ढोलीमागे झोपलेले होते. त्यांच्याभोवती आत्याबाईंनी बोरीच्या काट्या लावल्या होत्या. मांजर येते म्हणाल्या. आमच्याकडे मांजर नव्हतं.

पाऊस लागला आणि कुंड्यांतून हिरवी टोकं वर आली. चारांपैकी तीन. आता मला दुसरी भीती होती. आमच्याकडचा श्रावण म्हणजे आठ-आठ दिवस झड, आणि एवढ्या पाण्याने कंद सडतो हे मी दोनदा बघितलं होतं. तेव्हा काचेच्या घराचा खरा उपयोग कळला. मी बाजूच्या सगळ्या काचा काढून टाकल्या आणि छप्पर तेवढं ठेवलं. वारा आत, उजेड आत, पाऊस बाहेर. हवं तेवढंच पाणी मी लोट्याने घालायची. आत्याबाई रोवण्यावरून भिजून आल्या की घरात शिरण्याआधी तिकडे चक्कर मारत. कुंडीत बोट घालून ओल बघत. "आज नोको देऊ," म्हणत, किंवा काही म्हणत नसत, म्हणजे द्यायला हरकत नसे.

त्या वर्षीच माझ्या सवतीचं ठरत आलं होतं. मला ते आत्याबाईंनीच सांगितलं. आम्ही दोघी ओसरीत बसून तांदूळ निवडत होतो.

"आमगावले एक पोरगी पाहून राहिलो बाबूसाठी," त्या म्हणाल्या.

"बरं."

"घरदार आहे, धानाची शेती आहे. तुले काई म्हनाचं आहे?"

"नाही."

"मंग ठीक."

आम्ही तांदूळ निवडत राहिलो. त्या काळी हे काही जगावेगळं नव्हतं. आमच्याच गल्लीत दोन बायकांची दोन घरं होती आणि एका घरात त्या बोलतही असत. मी त्या रात्री यांना विचारलं. ते सायकलची साखळी पुसत होते. "आई म्हणते," ते म्हणाले, आणि साखळी पुसत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या वाट्याला आलेला निर्णय दुसरा कोणी घेत असेल तर ते आडवे येत नसत, एवढंच.

मला राग येत होता, पण तो कोणावर धरावा ते ठरत नव्हतं. आत्याबाई माझ्या शेजारी बसून जेवत होत्या, मला अर्धा आंबा देत होत्या आणि माझी जागा घ्यायला बाई शोधत होत्या. तिन्ही गोष्टी त्या एकाच तऱ्हेने करत. मी मनात कोणती खोली तिला जाईल, माझी पेटी कुठे ठेवावी लागेल, याचा विचार करायची. आणि कळ्या बघायची. एका रोपाला दांडा आला होता.

पोळा झाल्यावर आमगावची माणसं घर बघायला आली. मुलीची आई आणि मामा. आदल्या संध्याकाळी सगळ्यात खालची कळी उमलली होती. टेकाडावर बघितलं होतं तसंच ते फूल होतं, पांढरं, झालरीचं. आत्याबाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं. पुढून पाहिलं, मागून शेपूट पाहिली. "बरं आहे," म्हणाल्या. मग वास सुटल्यावर पुन्हा एकदा आल्या, उभ्या राहिल्या आणि गेल्या.

पाहुण्यांना आत्याबाईंनी बैल दाखवले, विहीर दाखवली, आणि धानाची कोठी दाखवायच्या आधी काचेच्या घराकडे नेलं. मी पाण्याचे पेले घेऊन मागे होते. मुलीची आई हसरी, गोरी, भरलेल्या अंगाची बाई होती. तिच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तिने आल्याआल्या माझ्या तब्येतीची चौकशी केली होती, आणि माझ्याशी कसं बोलावं हे कोणालाच सोपं नव्हतं.

"हे फूल चोरखमाऱ्याचं होय," आत्याबाई मामांना सांगत होत्या. "पानी लय नाई लागत. खाली इटा टाका लागतेत. सा महिने मातीत झोपून राह्यते. लोकाइले वाट्टे मेलं."

त्या सांगत असताना मुलीच्या आईने हात पुढे केला, फूल खुडलं आणि अंबाड्यात खोचलं.

"लय मस्त दिसते बाई," ती म्हणाली.

मामा अजून विटांबद्दल ऐकत होते. आत्याबाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी त्या अंबाड्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. मी पेले खाली ठेवले. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत.

"चला," त्या म्हणाल्या, "जेवाले बसू."

जेवण व्यवस्थित झालं. आग्रह करून वाढलं. भाताला तूप पुन्हा घेतलं. पान झालं. मग आत्याबाईंनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "पोरगी चांगलीच असंल. पन आमचं जमत नाई."

मामांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "काऊन? आमच्याकडून काई कमी पडलं का?"

"कमी नाई पडलं."

"मंग?"

"जमत नाई."

"कालपरेंत त जमत होतं."

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "काल जमत होतं."

पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि ज्यांना कारण सांगितलेलं नाही त्यांना भांडताही येत नाही. गाडी जुंपली. मुलीची आई गाडीत चढताना मला म्हणाली, येते बाई. फूल तिच्या अंबाड्यातच होतं. ते गोंदियाच्या रस्त्याने गेलं.

मी बाडीत गेले तर आत्याबाई तिथे आधीच होत्या.

"वरच्या कळ्या आहेत अजून," मी म्हटलं.

"मले दिसते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी हे आले. हात-पाय धुऊन पाटावर बसले.

"काय झालं?"

"नाई जमलं," आत्याबाई म्हणाल्या.

"बरं," हे म्हणाले.

या विषयावर आमच्या घरात झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं. जेवण झाल्यावर मात्र यांनी मला विचारलं की ते फूल कोणतं. एवढी वर्षं ते त्या कुंड्यांवरून सायकल नेत होते. मी कंदील घेऊन त्यांना दाखवायला गेले. फूल नव्हतंच, कळ्याच होत्या. ते वाकून बघत राहिले. "चांगलं आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सायकल पुढच्या दारी लावू लागले.

मला जे विचारायचं होतं ते विचारायला दिवाळी उजाडली. पानं पिवळी पडली होती आणि आम्ही दोघी कुंड्या आत नेत होतो.

"आत्याबाई, तुम्ही फुलासाठी लग्न मोडलं का?"

"फुलासाठी कोनी लगन मोडते का?" त्या म्हणाल्या. कुंडी खाली ठेवली, ढोलीला लागून सरकवली, काट्या लावल्या. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "न इचारता तोडलं तिनं. पोरगीबी तिचीच. घरात आली असती त काय काय तोडलं असतं, कोनाले मालूम."

त्यांनी ते कुंड्यांकडे बघत सांगितलं. मी पुढची कुंडी उचलली.

दुसऱ्या बायकोचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नातेवाइकांनी काढला की त्या त्यांना काचेचं घर दाखवायला नेत आणि विटांपासून सुरुवात करत. नातेवाईक हळूहळू कमी येऊ लागले.

पुढच्या पावसाळ्यात सगळ्या कुंड्या उगवल्या आणि एकीत दोन दांडे आले. स्वातंत्र्य आलं त्या दिवशी सकाळी शाळेतून निरोप आला की झेंड्याखाली वाहायला तुमच्याकडची ती पांढरी फुलं द्या. कळ्यासुद्धा धरल्या नव्हत्या. आत्याबाईंनी निरोप पाठवला की फुलाला हे कोणी सांगितलेलं नाही, ते आपल्या वेळेला येईल. शाळेने जास्वंद वाहिली. आमची फुलं बरीच उशिरा, पोळ्याच्या सुमाराला उमलली.

त्या सुमारास शेजारच्या एका बाईने एक झाड मागितलं. आत्याबाईंनी जास्तीची एक कुंडी तिला दिली, विटा-मुरमाचं सगळं सांगितलं, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिच्या अंगणात जाऊन कुंडीत बोट घालून बघू लागल्या. काल किती पाणी घातलं, का घातलं, कोणाला विचारून घातलं. महिनाभराने ती बाई कुंडी कडेवर घेऊन आमच्या दारात आली आणि ती माझ्या हातात दिली.

"घे वो बाई," ती म्हणाली. "मले झाड पाह्यजे होतं. सासू नाई."

आत्याबाई ओसरीतच बसल्या होत्या. त्यांनी कुंडी मागून घेतली, ओल बघितली.

"जास्तच देल्लं," त्या म्हणाल्या, आणि कुंडी वाऱ्यावर ठेवायला बाडीत घेऊन गेल्या.